विषय: अकराव्या सेलचं चौथं टिंब, तक्रार चौथ्यांदा

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या माणसाने एकोणतीस मिनिटांनंतर माझा फोन मध्येच ठेवला, म्हणून हे पत्र. मशीन कोणतं हे नव्याने सांगत नाही. 2009 साली तुमच्याकडूनच घेतलेला, चाळीस सेलचा, मागे सिरियल पोर्ट असलेला ब्रेल डिस्प्ले. संगणकावरचा मजकूर बोटाखाली वर येणाऱ्या टिंबांनी दाखवणारं यंत्र, एका सेलमध्ये एक ब्रेल अक्षर. तेव्हाचे माझे तीन पगार त्यात गेले. तक्रार नाही, पंधरा वर्षं त्याने इमानाने काम केलं.

आता अकराव्या सेलचं चौथं टिंब वर येत नाही. तुमच्या लोकांना हे 'मायनर' वाटतं. म्हणजे 1, 3 आणि 4 क्रमांकांच्या टिंबांचा 'म' त्या जागी 1-3 होतो, म्हणजे 'क'. 'प'चा 'ल' होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवतो. बोटाने वाचायचं आणि तोंडाने पोरांना म्हणून दाखवायचं, हा माझा धडा. गेल्या महिन्यात भर वर्गात मी 'लाटाला पाणी आलं' असं वाचलं. जायकवाडीच्या पाटावर वाढलेली पोरं ती, हसणारच. आता ओळीतलं अकरावं अक्षर आलं की मी थबकतो, ओळ सरकवून घेतो आणि मग बोलतो.

जूनमध्ये मशीन कुरिअरने पुण्याला पाठवलं. सत्तेचाळीस दिवसांनी परत आलं. टिंब तसंच मेलेलं, तळाचा एक रबरी पाय गायब, आणि वर एक चिठ्ठी चिकटवलेली. चिठ्ठी छापील! ती शेजारच्या मुलाने वाचून दाखवली: 'तपासले, ठीक आहे.' कशाने तपासलंत? त्यावर बोट कुणी फिरवलं का?

आता कालचा फोन. हा मी सविस्तर सांगणार आहे.

"सर, डिव्हाइसच्या खाली स्टिकर आहे, त्यावरचा नंबर वाचून दाखवा."
मी म्हणालो, मला दिसत नाही.
"लाइट कमी आहे का सर तिथे?"
मी म्हणालो, लाइट भरपूर आहे, मी आंधळा आहे.
"ओके सर. मग टिंबाचा क्लिअर फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा."
मी विचारलं, तुमची कंपनी काय विकते? म्हणाला, ब्रेल डिस्प्ले. तो कोण घेतं? यावर बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. मग तो परत आला आणि म्हणाला, "सर, घरात कोणी नॉर्मल आहे का? त्यांच्याकडे फोन द्या ना."

मी फोन बायकोकडे दिला. ती म्हणाली, "नॉर्मल तर कुणीच नाही बगा आमच्यात. काय सांगायचं ते ह्यांनाच सांगा."

तेव्हा साहेबांनी सल्ला दिला की हे मॉडेल आता म्युझियममध्ये ठेवायचं, आजकाल सगळे मोबाइलवर ऐकतात, तुम्हीही ऐका. घरात कोणी नॉर्मल आहे का! तुमच्या कॉल सेंटरमध्ये आहे का, एवढंच विचारायचं राहून गेलं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.

ऐकतो की मीही. पण 'दिन' आणि 'दीन' तुमच्या मोबाइलने वेगळे बोलून दाखवावेत. बोटाला ते कळतात: पहिल्याची वेलांटी 2-4, दुसऱ्याची 3-5. भाषाशिक्षकाने ऱ्हस्व-दीर्घ कानाने तपासायचं का? आणि जुन्या मशीनचं म्हणाल तर ऑप्टॅकॉनचं उत्पादन 1996 साली थांबलं. छापील अक्षराचा आकार 144 थरथरत्या पिनांवर बोटाला दाखवणारं यंत्र ते. तरीही लोकांनी पुढे कित्येक वर्षं एकाचे सुटे भाग दुसऱ्याला लावून ती यंत्रं चालवली. मशीन जुनं झालं म्हणून वाचन जुनं होत नाही.

माझ्या मशीनची चाळीस सेलची सगळी पट्टी बदलायला तुम्ही 38,000 रुपये सांगितलेत. यातला एकेक सेल सुटा निघतो, हे तुमच्याच माहितीपुस्तकात आहे. त्या सेलमध्ये विजेवर वाकून टिंब वर उचलणाऱ्या पीझोच्या आठ बारीक पट्ट्या असतात, त्यांतली एक गेली आहे. एक सेल द्या, त्याचे पैसे घ्या. फुकट मागत नाही.

मागे एकदा तुम्ही 'धुळीमुळे झालं' असंही म्हणालात. परभणीत उन्हाळा म्हणजे धूळच. आणि 'लोकेशन रिमोट आहे' म्हणून माणूस येत नाही म्हणे. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचं स्टेशन आहे, कृषी विद्यापीठ आहे, देवगिरी एक्स्प्रेस थांबते. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आम्ही स्वतःबद्दल म्हणतो. तुम्ही म्हणायची नाही.

पंधरा दिवसांत सेल मिळाला नाही तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, तारखेला तुम्हालाच यावं लागेल. स्टेशन सांगितलंच आहे.

तुमची चिठ्ठी अजून मशीनला चिकटलेली आहे, ती पुरावा म्हणून ठेवली आहे. उत्तर ईमेलने पाठवा, टाइप केलेल्या मजकुरात. लेटरहेडचा फोटो काढून पाठवू नका.

तुमचा ग्राहक, अजून तरी
परभणी