शिकाऊ विमान पडलं, तर दाद कुठे मागायची?

महोदय,

जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या डोंगरात शिकाऊ विमान कोसळले. प्रशिक्षक दगावले, प्रशिक्षणार्थी तरुणी जखमी झाली. हळहळ सगळ्यांनी व्यक्त केली, पण अशा वेळी भरपाई मागायची कुठे, हे आपल्या भागात कोणाला ठाऊक आहे?

ट्रकने उडवले तर मोटार अपघात न्यायाधिकरण आहे. विमानासाठी तसे काही नाही. १९७२ चा हवाई वाहतूक कायदा मुख्यतः तिकीट काढलेल्या प्रवाशाचा. शिकाऊ उड्डाण त्यात सहजी बसत नाही. राहिला दिवाणी दावा. मृताच्या वारसांना १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली त्यासाठी मुदत दोनच वर्षे. प्रशिक्षक पगारी असेल तर कर्मचारी भरपाईचाही मार्ग आहे (पूर्वी १९२३ च्या कायद्याखाली, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेखाली), तिथेही मुदत तेवढीच. आणि लोक वाट बघतात ती चौकशी अहवालाची! तो अहवाल कोणाचा दोष ठरवण्यासाठी नसतोच, २०१७ च्या विमान अपघात चौकशी नियमांतच तसे म्हटले आहे.

लाखोंची फी भरताना पालक मेसच्या जेवणाची चौकशी करतात, विम्याची नाही. प्रवेशावेळीच विमा पॉलिसीची प्रत पालकांच्या हाती देणे डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) वैमानिक प्रशिक्षण संस्थांना सक्तीचे करावे.

– एक पालक, शिरपूर (जि. धुळे)