वाय-फाय भिंतींच्या आतच का?

महोदय,

परीक्षा जवळ आल्या की विद्यापीठाच्या अभ्यासिकेत सकाळी आठनंतर खुर्ची मिळत नाही. मग मुलं बाहेर बसतात. आमच्या विद्यापीठात ग्रंथालयाच्या पायऱ्या, कँटीनमागचा पार आणि मुलींच्या वसतिगृहासमोरचे बाक हीच अनेकांची अभ्यासिका आहे, आणि नेमकं तिथेच वाय-फाय मिळत नाही. प्रवेशद्वारावर मात्र ‘वाय-फाय परिसर’ अशी पाटी आहे.

मी एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘कमवा आणि शिका’ योजनेत बागेचं काम करते, त्यामुळे हा सगळा परिसर पायाखालचा आहे. दुपारनंतर एका विभागाच्या मागच्या खिडकीखाली मुलं ओळीने उभी दिसतात, कारण आतल्या राउटरची रेंज तिथवर पोचते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखला अपलोड होता होता अडकतो, तेव्हा मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवून धरलेला मी पाहिला आहे. सायंकाळी विभागाला कुलूप लागतं, शिपाईकाका नियमाप्रमाणे मेन स्विच बंद करतात आणि त्याबरोबर राउटरही बंद पडतो. वसतिगृहातल्या मुलांचा अभ्यास तर तेव्हाच सुरू होतो.

‘मुलांकडे मोबाइल डेटा असतोच की,’ असं उत्तर मिळतं. असतो, पण दिवसाला दीड जीबी. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरची दोन-तीन व्याख्यानं नीट पाहिली की तो संपत येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट्स) ‘स्वयम्’च्या अभ्यासक्रमांतून घेता येतात. अभ्यासक्रमच ऑनलाइन आणायचा, तर त्याची वाट विद्यार्थ्याच्या खिशातून जाऊ नये. ज्यांच्या घरून महिन्याला मोजकेच पैसे येतात, त्यांच्यासाठी रिचार्ज हा मेसच्या बिलाइतकाच खरा खर्च आहे.

‘आतल्या राउटरची ताकद वाढवू’ हा उपाय सुचवला जातो, पण त्याने काम होणार नाही. राउटरचा आवाज मोठा केला तर फोनवर कांड्या भरलेल्या दिसतील. फोनची स्वतःची प्रक्षेपणशक्ती मात्र तेवढीच राहते. फोनला राउटर ऐकू येतो, राउटरला फोन ऐकू येत नाही, आणि पान उघडतच नाही. त्यात आमच्या जुन्या इमारतींच्या दगडी भिंती जाड. म्हणून बाहेर बसणाऱ्यांसाठी उपकरणही बाहेरच हवं: पाऊस-धूळ सोसणारं आणि वीज पडण्यापासून संरक्षण दिलेलं. ते झाडाच्या फांद्यांत लपवू नये. पावसाळ्यात ओली पानं वाय-फायच्या लहरपट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्‌झचे संकेत बरेच शोषून घेतात. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांच्या आड न येणाऱ्या वाहिन्या (चॅनेल) तीनच (१, ६ आणि ११), त्यामुळे दाटीवाटीने उपकरणं लावली तर गोंधळच वाढतो. इथरनेटची तांब्याची केबल १०० मीटरपलीकडे नेता येत नाही, तेव्हा इमारतीपासून लांबच्या खांबापर्यंत ऑप्टिकल फायबरच टाकावी लागेल. हे सगळं आमच्याच विभागात शिकवलं जातं. मोजमाप करायला विद्यार्थी आनंदाने येतील, मी तर नक्की येईन.

मुलं रील्स बघत बसतील, ही भीतीही ऐकू येते. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगइन दिलं, की वेगाची आणि डेटाची मर्यादा घालता येते. ‘एज्युरोम’ या शिक्षणसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय वाय-फाय सेवेत सहभागी झालेल्या संस्थांचे विद्यार्थी तर आपल्याच लॉगइनवर दुसऱ्या सहभागी संस्थेचं वाय-फाय वापरतात, भारतात ही सेवा शिक्षणसंस्थांना इंटरनेट जोडणी देणाऱ्या सरकारी ‘अर्नेट’मार्फत मिळते. आणि भीती बाळगण्याआधी रेल्वेकडे पाहावं. जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रलला रेल्वेची कंपनी रेलटेल आणि गूगलने मोफत वाय-फाय सुरू केलं, नंतर ते शेकडो स्थानकांवर पोचलं. एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाने याच वाय-फायवर, ओझी वाहता वाहता कानात व्याख्यानं ऐकत, २०१८मध्ये केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पार केली. फलाटावर जे जमलं ते विद्यापीठाच्या आवारात का जमू नये?

सगळा परिसर एका वर्षात व्यापावा, अशी मागणी नाही. मैदानावर आणि पार्किंगमध्ये नाही मिळालं तरी चालेल. जिथे मुलं बसून वाचतात त्या जागा आधी घ्याव्यात, आणि त्या उपकरणांची वीज विभागाच्या मेन स्विचवर ठेवू नये. सुरुवात ग्रंथालयाच्या पायऱ्यांपासून सहज करता येईल, कारण समोरच्या खांबावर सीसीटीव्ही कॅमेरा आहे. फायबर आणि वीज दोन्ही तिथपर्यंत आधीच पोचलेली आहेत.

– एक विद्यार्थिनी
(नाव व पत्ता संपादकांकडे)