लायसन्स असताना लायसन्सचे पैसे, आणि नसलेल्या स्विचचं स्टिकर

प्रति,
व्यवस्थापक, स्पर्धा विभाग

विषय: हौशी टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगाने व वेळेत अंतर कापण्याच्या) रॅलीतील जादा वसुली व गाडीवरील चुकीच्या खुणांबाबत तक्रार

महोदय,

गेल्या महिन्यात धुळ्याहून शहाद्यामार्गे तोरणमाळला गेलेल्या तुमच्या रॅलीत मी गाडी चालवत होतो आणि आतेभाऊ शेजारी बसून रस्ता सांगणारा नॅव्हिगेटर होता. रूटबद्दल तक्रार नाही. रोडबुकमधल्या ट्यूलिप आकृत्या, म्हणजे प्रत्येक वळणाची छोटी चित्रं, इतक्या नेमक्या होत्या की घाटातही चुकलो नाही. तक्रार आहे ती स्क्रुटिनीच्या, म्हणजे सुरुवातीआधी गाडी आणि कागदपत्रं तपासतात त्या, टेबलावर जे झालं त्याची.

आम्हा दोघांकडे एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या नियंत्रक संस्थेचं, चालू वर्षाचं स्पर्धकाचं लायसन्स आहे. 6,500 रुपये प्रवेश फी भरताना त्याच्या प्रती जोडल्या होत्या. हे लायसन्स 31 डिसेंबरपर्यंत चालतं. रॅली भरवणाऱ्यांना ते माहीत नसेल तर नवलच. तरीही ‘एका इव्हेंटचं लायसन्स’ म्हणून माणशी 1,000 रुपये घेतले. नाही दिले तर स्टार्ट मिळणार नाही, असं तोंडावर सांगितलं. पावती मागितली तर कोऱ्या कागदावर आकडा खरडून हातात दिला. ना जीएसटी क्रमांक, ना पैसे कशाचे त्याचा उल्लेख. तुमच्या सप्लिमेंटरी रेग्युलेशन्समध्ये, म्हणजे या रॅलीच्या छापील नियमांत, ही रक्कम कुठेच नाही, मी दोनदा वाचली आहेत.

त्यानंतर ‘सक्तीचं स्टिकर किट’, 1,200 रुपये. दारांवरचे नंबर, बॉनेटची प्लेट, नाव आणि रक्तगट इथपर्यंत ठीक. पण त्यात निळ्या त्रिकोणातली लाल वीज आणि पांढऱ्या गोलातलं लाल ‘ई’ हेही होतं, आणि तेही लावायलाच लावलं. माझी गाडी शोरूममधून आली तशीच आहे. त्रिकोणाचा अर्थ, गाडीची वीज बाहेरून बंद करायचा कट-ऑफ स्विच इथे आहे. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या नियमात त्या त्रिकोणाचा पाया किमान 12 सेंमी लागतो. ‘ई’ म्हणजे इथली कडी ओढली की गाडीतली आग विझवायची यंत्रणा सुरू होते. माझ्या गाडीत दोन्ही नाहीत. उद्या गाडी उलटली, धूर निघाला, मार्शल धावत आला आणि त्रिकोणापाशी स्विच चाचपडत बसला, तर त्याच्या हाताला नुसता पत्रा लागेल! हे मी सांगितलं तर टेबलावरचा तुमचा पोरगा म्हणतो, “लाई ल्या भाऊ, गाडी मस्त दिसी.” वरातीची गाडी सजवायला आणली होती का आम्ही?

पुढची रॅली प्लेट तर त्याने थेट नंबर प्लेटवर अर्धी चढवली. नोंदणी क्रमांक जराही झाकायचा नाही, हा रॅलीतला जुना नियम आहे. शहाद्याच्या अलीकडे वाहतूक पोलिसाने अडवलं ते याचसाठी, आणि त्याचं काही चुकलं नाही. दंड मात्र मी भरला. शिवाय स्टिकर काढताना डाव्या दाराचा रंग नखाएवढ्या पापुद्र्यांनी निघून आला, फोटो जोडले आहेत.

आणखी एक. खासगी गाडीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) यांना संरक्षण नसतं. तुम्ही स्क्रुटिनीत त्याच पॉलिसीची प्रत पाहून मान डोलावलीत. त्या दिवशी आमच्यासाठी कुठला विमा काढला होता, ते लेखी कळवा.

लायसन्सचे 2,000, किटचे 1,200 आणि दंडाची रक्कम परत करावी, दाराच्या रंगकामाचा खर्च द्यावा आणि ज्या साध्या गाड्यांना त्रिकोण चिकटवलेत त्यांच्या मालकांना तो काढायला कळवावं. खान्देशात रॅली यावी असं आम्हालाही वाटतं, म्हणून आधी तुम्हालाच लिहितोय. 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, आणि अमळनेरहून तारखेला जाणं मला काही जड नाही.

आपला,
स्पर्धक क्र. 27
अमळनेर, जि. जळगाव

सोबत: दोन्ही लायसन्सच्या प्रती, कोऱ्या कागदावरची ‘पावती’, दंडाची पावती, दाराचे फोटो