एक रान, तीन वार

प्रिय सच्या,

फोनवर तू म्हणालास की फ्लॅटचा हप्ता सुरू झाल्यापासून मटण महिन्यातून एकदा, तेपण अर्धा किलो, आणि तुमच्याकडे आठवड्यातून तीनदा कसं काय. लॉटरी नाही लागली रे. आम्ही सुटं आणत नाही, एवढंच. अर्धा किलोत दोन नळ्या, जरा चरबी, चार बरे तुकडे, सगळं एकदमच कुकरमध्ये जातं आणि रात्री पातेलं घासायला. त्यापेक्षा रविवारी अख्खी मागची रान, म्हणजे मांडीसकट मागचा पाय, आण, दोन किलोच्या आसपासची, आणि रवि-बुध-शुक्र अशी वाटून खा. नाहीतरी तुझ्या घरी सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार कुणाचा ना कुणाचा धरलेला असतोच, खायचे वार तेवढेच उरतात.

आता खरं काम दुकानात आहे, घरी नाही. सकाळी लवकर जा, दहानंतर त्या माणसाला तुझं ऐकायला वेळ नसतो. त्याला सांग, मांडीचा जाड भाग सोडवून साधारण अर्धा किलो खिमा कर, बाकीच्या मांसाचे मध्यम तुकडे, आणि नळ्या अन् सांधे वेगळ्या पिशवीत. बोनलेस किंवा तयार खिमा मागितलास तर रेट वेगळा लागतो, आपल्याच रानेतून काढून घेतला तर हाडंपण आपल्यालाच मिळतात आणि हाडं हाच तर सगळा खेळ आहे. खिमा जमलं तर सुऱ्याने कुटून घे, ढोबळ राहतो, मशीनमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचं अडकलेलं आपल्यात येतं. तुझ्या सासूबाई यायच्या असतील तर बोल्हाईचा, म्हणजे मेंढीच्या मटणाचा, बोर्ड बघूनच जा, त्यांना बोकडाचं चालत नाही ना, मेंढीला चरबी जरा जास्त असते पण तीपण कामाला येते, सांगतो पुढे.

घरी आल्यावर आधी खिमा आणि निम्मे तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत चपटे पसरून फ्रीजरमध्ये टाक. चपटे अशासाठी की लवकर गोठतात आणि लवकर सुटतात. कच्चा खिमा खालच्या कप्प्यात एक-दोन दिवसच टिकतो, बुधवारपर्यंत अजिबात नाही, तिथे रिस्क घेऊ नको.

मग नळ्या, सांधे आणि उरलेले तुकडे मोठ्या कुकरमध्ये. थोड्या तेलावर कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ, मटण चांगलं परतून घे आणि भरपूर गरम पाणी घाल, हात आखडू नको. चार-पाच शिट्ट्या, मग गॅस बारीक करून पंधरा मिनिटं. हे झालं अळणी. पोरांना वाटी-वाटी प्यायला दे, तिखट लागत नसल्याने चूपचाप पितात. त्यातलं लिटरभर गाळून बाजूला काढ, बाकीच्यात सुकं खोबरं-कांद्याचं भाजलेलं वाटण आणि दोन बटाटे घालून रस्सा. बटाटा दोनच हां, चार घातलेस की लोक मटण शोधत बसतात. भाकरी, कांदा, रविवार झाला.

बाजूला काढलेलं अळणी गार झालं की खरवससारखं थरथरतं, घाबरू नको, खराब नाही झालेलं. सांध्यातलं कोलॅजन मंद आचेवर विरघळून त्याचं जिलेटिन होतं म्हणून ते तसं धरतं, जेवढं घट्ट तेवढं चांगलं. वर चरबीचा थर येतो तो चमच्याने काढून वाटीत ठेव, बुधवारच्या खिम्याची फोडणी त्यातच दे. मात्र गरम पातेलं तसंच रात्रभर ओट्यावर नको. दोन-तीन छोट्या भांड्यांत ओत म्हणजे पटकन निवतं, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसला टेकतो तेव्हा तासाभरातच. शिजवलेलं खालच्या कप्प्यात तीन-चार दिवस ठीक, अळणी शुक्रवारला लागणार म्हणून तेपण निवल्यावर फ्रीजरमध्येच.

मंगळवारी रात्री खिम्याची पिशवी खोलगट भांड्यात ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरव, ओट्यावर सुटायला ठेवू नको. बुधवारी खिमा-मटार कर, मटार महाग असतील तर मूठभर भिजवलेली हरभरा डाळ, ती खिम्यात इतकी मिसळते की पोटभर होतं आणि कोणी तक्रारपण करत नाही. सोबत पाव. आपण पुण्यात गुडलक कॅफेला खायचो ना खिमा-पाव, तसा होईल असं नाही म्हणत, पण लिंबू पिळून, कच्चा कांदा घेऊन बस, बरा लागतो.

शुक्रवारचं मला सगळ्यात आवडतं. कॅम्पातल्या एका मित्राच्या अम्मीने आम्हाला दालचा शिकवला. गोठवलेले तुकडे, हरभरा डाळ, दुधी, चिंच, आणि पाण्याऐवजी ते अळणी. मटण असतं अडीचशे-साडेतीनशे ग्रॅम, पण चव अख्ख्या पातेल्याला येते. दुधीला नाक मुरडणारी माझी मुलगी त्यातला दुधी मागून खाते, आता बोल. साधा भात टाक, झालं.

हिशोब बघ. आमच्याकडे रेट आठशेच्या आसपास आहे, म्हणजे रानेचे सोळाशे. पाच माणसं, तीन जेवणं, पंधरा ताटं, मटणाचे ताटामागे शंभर-एकशेसात. बाहेर एक थाळी घेतलीस तर काय होतं ते तुला माहितीये. फक्त आखाडात हा प्लॅन नको, दुकानाबाहेरच्या त्या लाईनीत तुझं ऐकून कोणी रान सोडवून देणार नाही, आणि श्रावणात तर विषयच नाही.

एक मात्र आधी बघ. तुझा तो जुना फ्रीज, वरच्या खणात बर्फ दगडासारखा होतो का नुसता भुसभुशीत? भुसभुशीत असेल तर दोन किलो आणू नको, एक किलोच आण, सगळं रविवारीच शिजव, आणि बुधवारपर्यंत संपव.

तुझा,
पक्या