पेव्हर ब्लॉकवर स्केटबोर्ड शिकता येत नाही

मा. संपादक,
स. न.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना स्केटबोर्ड घेऊन देणारे पालक आता बरेच दिसतात. २०२१मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला आणि जपानच्या १३ वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्णपदक जिंकले. तरीही आपल्याकडे घेतलेला बोर्ड पुष्कळदा महिनाभरात माळ्यावर जातो आणि मूल घाबरट ठरते. मुलाला बोल लावण्याआधी बोर्ड आणि जमीन तपासावी, एवढ्यासाठी हे पत्र.

खेळण्यांच्या दुकानातल्या स्वस्त बोर्डाचे ट्रक, म्हणजे चाके धरणारे आडवे सांधे, अनेकदा प्लॅस्टिकचे असतात. विकत घेताना त्यावर उभे राहून पंजांवर आणि मग टाचांवर भार द्या. ट्रक त्या बाजूला झुकला नाही, तर तो बोर्ड वळणार नाही, मग शिकणारा कितीही हुशार असो. फळी मेपल लाकडाच्या सात थरांची आणि ट्रक धातूचे हवेत. मोठ्या मुलांना आठ इंचांच्या आसपास रुंदी पुरते. ट्रकचा मधला बोल्ट ९/१६ इंची पान्याने सैल-घट्ट करता येतो. हलक्या मुलासाठी तो थोडा सैल लागतो, पण फार सैल केला तर वळताना चाक फळीला घासते आणि बोर्ड जागीच थांबतो.

चाकांकडे तर कोणीच बघत नाही. चाकावर ७८ए, ९९ए असा आकडा छापलेला असतो. आकडा लहान तितके चाक मऊ. ५२ मिलिमीटरची ९९ए चाके स्केटपार्कच्या गुळगुळीत काँक्रीटसाठी असतात. तीच चाके आपल्या रस्त्यावर आणली आणि हरभऱ्याएवढा खडा आडवा आला, की चाक अडते, बोर्ड थांबतो, अंगाचा वेग मात्र तसाच राहतो आणि मूल तोंडावर पडते. रस्त्यावर किंवा सोसायटीच्या आवारात शिकायचे असेल, तर ५६ ते ६० मिलिमीटरची, ७८ए ते ८५एच्या दरम्यानची चाके घ्यावीत.

पहिला दिवस गवतावर किंवा जाड सतरंजीवर घालवावा, म्हणजे बोर्ड पळत नाही. दोन्ही पाय ट्रक फळीला जोडणाऱ्या बोल्टांवर, गुडघे वाकवलेले, नजर समोर. डावा पाय पुढे असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी, दोन्ही बरोबरच. मोजे घालून फरशीवर घसरताना जो पाय आपोआप पुढे जातो, तोच बहुधा बोर्डावरही पुढे येतो. मग ढकलणे. पुढचा पाय पुढच्या बोल्टांशी, बोटे समोर, सगळा भार त्याच पायावर. मागच्या पायाने जमीन रेटायची, तो पाय मागच्या बोल्टांवर आणायचा आणि नंतर दोन्ही पावले आडवी वळवायची. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. भीतीने अंग मागे झुकते, भार मागच्या पायावर जातो, बोर्ड पायाखालून पुढे सटकतो आणि माणूस माकडहाडावर आपटतो. पुढचा गुडघा वाकवून छाती त्याच्यावर आणली की हे थांबते. थांबायला मागच्या पायाचा तळवा जमिनीवर हलकेच घासायचा. हे जमेपर्यंत उतार नको, अगदी पार्किंगच्या रॅम्पचासुद्धा.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे बसावे. त्यावर ईएन १०७८ किंवा एएसटीएम एफ१४९२ हे मानक छापलेले आहे ना, हे पाहावे. पडताना हात आपोआप पुढे जातो आणि सगळा धक्का मनगट घेते. म्हणून गुडघा-कोपराच्या पॅडबरोबर मनगटाचे गार्डही घ्यावे. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती स्केटबोर्ड देऊ नये आणि सहा ते दहा वर्षांच्या मुलांजवळ मोठ्या माणसाने थांबावे, अशी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस आहे. ओल्या जमिनीवर तर कोणीच जाऊ नये. चाक घसरते, बेअरिंग गंजतात, फळीचे थर सुटतात.

आता जमिनीबद्दल, आणि हे महापालिका-नगरपालिकांना उद्देशून. बागा आणि पदपथ सर्रास पेव्हर ब्लॉकने मढवले जातात. ब्लॉकच्या प्रत्येक सांध्यावर चाक ठेचकाळते आणि एखादा ब्लॉक खचला की तिथे मूल हमखास पडते. महागडा स्केटपार्क मागत नाही. नवशिक्याला रॅम्प लागतच नाहीत. बागेच्या एका कोपऱ्यात १० बाय २० मीटरचा ट्रिमिक्स काँक्रीटचा, म्हणजे जादा पाणी पंपाने शोषून काढलेल्या काँक्रीटचा, सपाट स्लॅब पुरे. पृष्ठभाग ओला असताना झाडू फिरवून खरखरीत न करता ट्रॉवेलने, म्हणजे थापीने, घोटलेला असावा. पाणी जायला शंभराला एक इतकाच उतार द्यावा. सांधे कटरने कापलेले, अरुंद आणि सीलंटने भरलेले हवेत. वर झाड नको, कारण पडलेली बीसुद्धा चाक अडवते. एरवी तिथे लहान मुले सायकल शिकतील, आजी-आजोबा चालतील. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बागांच्या कामांची यादी ठरताना प्रत्येक प्रभागात अशा एका स्लॅबची तरतूद व्हावी आणि निविदेत ‘ट्रॉवेल फिनिश’ हे शब्द स्पष्ट लिहिलेले असावेत.

आपले,
स्केटबोर्ड शिकवणारे काही प्रशिक्षक, पुणे