टाकी संपताना येणारा वास भेसळीचा नव्हे

महोदय,

आपल्या दैनिकातल्या वाचकांच्या पत्रांत परवा एका भगिनींनी तक्रार केली होती, की गॅसची टाकी संपत आली की घाण वास मारते, म्हणजे तळाला नक्की काहीतरी भेसळ असणार. मी 29 वर्षं गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो. शेगड्या उघडता उघडता हीच तक्रार घरोघरी ऐकली आहे, म्हणून हे पत्र.

टाकीतल्या गॅसला स्वतःचा असा वास जवळपास नसतोच. आपल्याला येतो तो त्यात मुद्दाम घातलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा, सडक्या कोबी-कांद्यासारखा. आता गंमत बघा. टाकीत असतात ते मुख्यतः ब्यूटेन आणि प्रोपेन हे दोन वायू, दाबाखाली द्रव झालेले. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतो, प्रोपेन तर त्याच्याही कितीतरी खाली. मर्कॅप्टनला मात्र 35 अंश लागतात. त्यामुळे गॅस भराभर वर निघून जातो आणि हे गडी मागे रेंगाळतात. टाकी तळाला गेली की उरलेल्या द्रवात त्यांचंच प्रमाण जास्त, म्हणून वासही जास्त. भेसळ वगैरे काही नाही.

हा वास नसेल तर काय होतं, ते अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावानं 1937 साली भोगलं. शाळेच्या इमारतीखाली बिनवासाचा नैसर्गिक गॅस साठत गेला, कुणाला पत्ता नाही. स्फोटात तीनशेच्या आसपास जीव गेले, त्यात बहुतेक शाळकरी पोरं. त्यानंतर तिथे गॅसमध्ये वास घालण्याचा कायदा झाला.

इतकं मला नोकरीत असतानाच ठाऊक होतं. पण तो वास आपल्याला कळतो कसा, याचा विचार कधी केला नव्हता. तो करायची वेळ आली 2021 मध्ये. कोविडमधून उठलो, पण नाक गेलं. एकदा सकाळी ओट्याशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो होतो. दूध उतू गेलं, बर्नर विझला, नॉब तसाच चालू. मला काहीच नाही. बाहेरच्या खोलीतून नातू ओरडला, ‘आजोबा, गॅसचा वास येतोय!’ जन्मभर ज्या वासावर पोट भरलं, तो दोन हातांवर असून मला येईना. नॉब बंद करताना हात कापत होता.

माझी भाची कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. तिनं समजावलं ते असं. नाकात पार वर, डोळ्यांच्या मधोमध, टपालाच्या तिकिटाएवढी ओलसर जागा असते. तिथल्या चेतापेशींच्या केसांसारख्या टोकांवर वास पकडणारे रेणू बसलेले असतात. त्यांना ग्राही म्हणतात. माणसात त्यांचे सुमारे 400 प्रकार, आणि एका पेशीवर सहसा एकच प्रकार. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये त्यांची जनुकं शोधली, 2004 मध्ये नोबेल मिळालं. ग्राही म्हणजे पेशीच्या पापुद्र्यातून सात वेळा आत-बाहेर ओवलेला प्रथिनाचा धागा. त्याच्या खोबणीत वासाचा रेणू बसला की धाग्याचा आकार जरासा बदलतो, आतल्या बाजूला निरोप जातो, पेशीची दारं उघडतात, कॅल्शिअम आत शिरतं आणि मेंदूकडे विजेची कळ जाते.

‘म्हणजे कुलूप-किल्ली,’ मी म्हणालो. ‘नाही मामा,’ ती म्हणाली, ‘इथे एक किल्ली चार कुलपं थोडी थोडी फिरवते, आणि एका कुलपाला दहा किल्ल्या चालतात. कुठली कुठली फिरली, त्यावरून मेंदू वास ओळखतो.’ पुदिना आणि बाळंतशेपा यांच्या वासातला मुख्य रेणू एकच, कार्व्होन. फरक एवढाच, की ते डाव्या-उजव्या चपलेसारखे एकमेकांचे उलटे. तेवढ्यानं नाकाला दोन निराळे वास कळतात.

मला सगळ्यात आवडली ती तांब्याची गोष्ट. मर्कॅप्टनच्या रेणूत गंधक असतं. असे छोटे गंधकवाले रेणू ओळखणारा एक ग्राही माणसात आहे. त्याला धड नावही नाही, नंबर आहे, ओआर-2-टी-11. तांबं हाताशी असेल तर तो जोरात जागा होतो, हे 2016 मध्ये दाखवलं गेलं. टाकीच्या व्हॉल्व्हच्या पितळेत तांबं असतं हे मी जाणून होतो. नाकालाही ते लागतं हे साठी उलटल्यावर कळलं.

पण यातली धोक्याची बाजू कुणी सांगत नाही. जे कॅल्शिअम आत शिरून वर्दी देतं, तेच थोड्या वेळानं दार अर्धवट लोटून घेतं. म्हणून हळू गळणाऱ्या गॅसच्या खोलीत बसलेल्या माणसाला काही मिनिटांनी वास ‘गेल्यासारखा’ वाटतो. गॅस तिथेच असतो. हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत पसरलेला. वयानं, जुनाट सर्दीनं, कोविडनं मंदावलेल्या नाकाची तर गोष्टच सोडा. एजन्सीच्या कार्डावर ‘गॅसचा वास आल्यास’ अशी सूचना असते. ज्यांना वास येतच नाही त्यांनी काय करायचं, याची एक ओळ तिथे छापायला काय हरकत आहे?

माझं नाक अर्धंमुर्धं परत आलं. महिनोन्‌महिने सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी हुंगत होतो, घरचे हसायचे. तरी रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करतोच, आणि टाकी बदलली की जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघतो.

आणि त्या भगिनींना एवढंच, की नवी टाकी लावल्यावरही तोच वास राहिला तर तो तळाचा समजू नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन 1906 ला फोन.

– एक निवृत्त गॅस मेकॅनिक, मिरज