पिस्त्यांच्या टरफलांची झाडे

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

वास्तुशांतीला दाराच्या दोन्ही बाजूंस ठेवण्यासाठी दुकानात पाहिलेल्या प्लॅस्टिकच्या गोल झाडांची किंमत तू कळवलीस आणि ती घेऊ का, असे विचारलेस. घेऊ नकोस. तशी जोडी घरातल्या वस्तूंतून करता येते, हे मी गेल्या दिवाळीत स्वतः करून पाहिले आहे.

शाळेच्या सहलीत मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये झुडपे कातरून केलेले प्राणी आपण पाहिले होते. ती झुडपे वर्षानुवर्षे कातरत राहावी लागतात. आपल्याला मात्र कुंडी, सरळ खोड आणि वर गोल शेंडा एवढाच आकार हवा आहे.

खोडासाठी पेरूची छाटलेली, अंगठ्याएवढी जाड फांदी घे. तिची साल गुळगुळीत असते आणि तिला रंग द्यावा लागत नाही. फांदी आधी चांगली वाळू दे, कारण ओली फांदी पुढे आकसते आणि कुंडीत सैल होऊन डुलू लागते.

शेंड्यासाठी जुनी वर्तमानपत्रे चुरगाळून, वरून सुतळी सगळ्या दिशांनी घट्ट गुंडाळ. एकाच दिशेने गुंडाळलीस तर चेंडू लांबट होतो. त्यावर मैद्याच्या खळीने कागदाच्या पट्ट्यांचे तीन थर दे आणि प्रत्येक थर पुरता वाळल्यावरच पुढचा चढव. चेंडू फार मोठा करू नकोस. व्यास दुप्पट झाला की पृष्ठभाग चौपट होतो: १२ सेंटिमीटरच्या चेंडूला सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर झाकावे लागतात, तर २४ सेंटिमीटरच्या चेंडूला सुमारे १८००, आणि तेवढी टरफले जमवताना महिने जातात.

आता टरफलांविषयी, कारण सगळे सौंदर्य त्यांच्यात आहे. मी गोणपाट, बटणे, रंगीत फिती असे सगळे लावून पाहिले, पण पिस्त्याच्या टरफलाला जी पाकळीसारखी नैसर्गिक खोलगट वळणे असतात, त्यांची सर कशालाच आली नाही. खारवलेल्या पिस्त्यांची टरफले कोमट पाण्यात दोनतीनदा धुऊन उन्हात वाळव. मीठ राहिले तर पावसाळ्यात ते ओल धरते आणि टरफले सुटतात. इथे खळ पुरत नाही, फेविकॉलच लाव. खोडाजवळून, म्हणजे खालून सुरुवात कर आणि छपरावर कौले चढवतात तशी प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीवर थोडी येऊ दे, म्हणजे कागद कुठेही दिसत नाही. हिरवा रंग द्यायचा असेल तर पोस्टर कलर वापर, पण मला विचारशील तर टरफलांचा मूळ बदामी रंगच दारात अधिक शोभतो.

कुंडीच्या बाबतीत माझी एक चूक तुला सांगितलीच पाहिजे. मी प्लॅस्टर ऑफ पॅरिस थेट मातीच्या कुंडीत ओतले आणि दुसऱ्या दिवशी ती उभी तडकली. प्लॅस्टर घट्ट होताना तापते आणि किंचित फुगते, त्याला जागाच मिळाली नाही. तेव्हापासून मी बाहेरून सुतळी गुंडाळलेला पत्र्याचा डबा वापरते आणि आतून वर्तमानपत्राची जाड घडी लावते. पाण्यात भुकटी घाल, भुकटीत पाणी नव्हे. गुठळ्या होत नाहीत. मग खोड ओळंब्याने सरळ करून दहापंधरा मिनिटे हाताने धरून ठेव. उरलेले प्लॅस्टर मोरीत ओतू नकोस, ते नळीतच दगड होते. डबा शेंड्यापेक्षा जड हवा, नाहीतर दारातल्या वाऱ्याने झाड आडवे होईल.

फांद्या तू आजच कापून वाळत घाल. धुतलेल्या टरफलांची एक मोठी पिशवी माझ्याकडे भरून ठेवलेली आहे. येत्या रविवारी ती घेऊन मी येते, आणि पहिल्या दोन ओळी आपण मिळून चिकटवू.

तुझीच,
बालमैत्रीण